उलंगवाडीत न सांगितलेला मैल

वस्ताद,

काल आमची उलंगवाडी झाली. उजाडायच्या आत अकोला सोडलं आणि ऊन चढायच्या आधी बोरगाव मंजूच्या आमराईत पोचलो. माझ्याबरोबर यंदाचे चार धावणारे होते, चौघेही विशीबाविशीतले, आणि मास्तराचं डोकं फिरलंय याबद्दल चौघांचंही एकमत होतं. शर्यत होऊन महिना झाला, जिंकणारे जिंकले, हरणारे हरले, आता तीच वाट उलटी चालत जाऊन काय मिळणार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. बावीस वर्षांपूर्वी माझं तोंडही तसंच होतं आणि तुम्ही ते पाहून मिशीत हसला होतात. तुम्ही आखाड्याचे वस्ताद होतात, मी अकोल्याच्या एका शाळेत नुसता ड्रिलमास्तर आहे. पण धावणाऱ्यांना घेऊन दर चैत्रात मी ही वाट चालतो. तुमच्यानंतर ती चालणारा दुसरा कुणी उरला नाही.

हा शब्द तुम्ही शेतातून उचलून आखाड्यात आणला. कापसाचा शेवटचा वेचा झाला की शेताची उलंगवाडी होते, गुरं आत सोडतात, वाळलेली पऱ्हाटी उपटतात, आणि जमीन उघडी पडते. तुम्ही म्हणायचात, "उभ्या पिकात जमीन दिसत नाई. उलंगवाडी झाली का मंग दिसते, कुठं दगड हाय, कुठं पानी साचलं होतं. मानसाचंबी तसंच हाय." म्हणून हंगामातली शेवटची शर्यत झाली की तुम्ही आम्हाला पंधरा दिवस धावू द्यायचा नाहीत. नुसतं खा आणि झोपा. आणि मग एकेका गड्याला घेऊन शर्यतीची वाट शेवटाकडून सुरुवातीकडे चालायची. जिथे जे झालं ते तिथेच सांगायचं, पायाचं, दमाचं आणि मनाचंही. तुम्ही ऐकायचात. शाबासकी नाही, शिवी नाही. उलटं का चालायचं, असं मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पाय कुठं मोडले ते आंधी दिसते. काहून मोडले ते मांगं गेल्यावर."

हे तुम्ही कुठे शिकलात तेही तुम्हीच सांगितलं होतं. तरुणपणी तुम्ही मेळघाटात डाकेचे हरकारे होतात. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी आणि पुढे जंगल. एकदा एका नाल्यापाशी वाघाच्या भीतीनं तुमचे पाय अडले आणि डाक उशिरा पोचली. डाकघराच्या मुन्शीनं कारण विचारलं. बाकीचे हरकारे अशा वेळी पूर आला होता म्हणायचे. तुम्ही म्हणालात, भेव वाटलं, तसंच लिवून घ्या. मुन्शी हसला. "पर दुसऱ्या वर्षी त्या नाल्यावर मी थांबलो नाई," हे तुम्ही इतक्या साधेपणानं सांगायचात की त्यात काही शिकवण आहे, हे माझ्या टाळक्यात शिरायला पुष्कळ वर्षं लागली. आपल्यातला एक गडी दरवर्षी बाराव्या मैलाला बसकण मारायचा. त्याला चालवता चालवता निघालं की सुटायच्या जागी ढोल वाजायला लागला की हा पहिले तीन मैल ढोलाच्या तालावर धावतो. पुढच्या वर्षी तुम्ही त्याच्या कानात कापूस कोंबलात आणि तो दुसरा आला.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा अमरावतीला मामाच्या दुकानात हार गुंफत होतो. आम्ही माळी. आमचं खेडं बोरगावपासून दोन कोस आत, विहिरीवरची एवढीशी वाडी, वांगी, मेथी आणि संत्र्याची थोडी झाडं. बाप मी लहान असतानाच गेला. मायनं एकटीनं वाडी ओढली आणि मला शिकायला मामाकडे धाडलं. शिक्षण बेतास बात होतं, पण पहाटे बडनेऱ्याच्या मळ्यातून फुलं आणायला मी धावत जायचो आणि धावत यायचो, कारण उशीर झाला की फुलं मलूल होतात आणि मामा लाल. तुम्ही आखाड्याच्या ओट्यावरून आठ दिवस नुसतं पाहिलंत आणि नवव्या दिवशी टोपली धरून थांबवलंत. "काहून धावून राहिला रे?" मी म्हटलं, "फुलं वाळतात जी." "फुलायसाठी इतका धावतो, तं सोतासाठी किती धावशीन?" त्या दिवशी तुमच्या घरी काकींनी चुलीपुढे बसवून आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली, भाजीवर जवसाचं तेल. चौथ्या भाकरीला त्यांनी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही म्हणालात, वाढ, हे पोट लांबच्या पल्ल्याचं हाय. बापानंतर एवढ्या कौतुकानं माझं जेवण कुणी पाहिलं नव्हतं.

त्या वर्षीची मूर्तिजापूर ते अकोला ही चोवीस मैलांची शर्यत मी जिंकणार असं सगळे म्हणत होते, आणि सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणत होतो. जिंकणाऱ्याला नागपूरच्या शर्यतीला पाठवणार होते. आपल्या आखाड्याला ज्यांचा आश्रय होता ते वकीलसाहेब आदल्या दिवशी पाहुणे घेऊन आले. मला पुढे उभं करून, पाठीवर हात ठेवून म्हणाले, "देशमुखाच्या घरचा आहे हा. हाड बघा." त्यांची गल्लत झाली होती की पाहुण्यांसाठी त्यांनी मला वर चढवलं, हे मला आजही ठाऊक नाही. मी हात जोडून नमस्कार केला. गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी माझी तेव्हा समजूत होती. अंगावर कोरा पांढरा बनियन होता, खाकी चड्डी होती, आणि दिवसभर मी देशमुखासारखा चालत होतो. देशमुख कसे चालतात हे मला काय माहीत, पण छाती काढून चाललो एवढं खरं.

काटेपूर्णेच्या पुलावर तुम्ही उभे आहात. मी सगळ्यांच्या पुढे आहे. तुम्ही हात खाली दाबून खूण करता, सावकाश. मी मान डोलावतो. मागचा अकोल्याचा गडी पाव मैल मागे आहे. मग बोरगाव येतं. बाजाराचा दिवस. डाव्या हाताला वकीलसाहेबांचा टांगा पाहुण्यांसकट माझ्या जोडीनं चाललेला. आणि वेशीवरच्या वडाखाली माय उभी आहे. डोक्यावर वांग्यांची टोपली, लुगडं वर खोचलेलं, पायांवरचा चिखल वाळून पांढरा झालेला. तळहातावर सोललेलं संत्र. फोडी वेगळ्या केलेल्या, बियासुद्धा काढलेल्या, म्हणजे मला तोंड थांबवावं लागू नये. "बापू, घे रे. घे." मी थांबत नाही म्हणून ती माझ्या बाजूनं धावायला लागते. एका हातानं टोपली सावरते आहे, दुसरा माझ्यापुढे. वीसेक पावलं ती धावली असेल. टांग्यातून कुणीतरी विचारलं, "ही कोण बाई?" मी मान वळवली नाही. मी जोर केला. शर्यतीत माणूस बरोबरच्या गड्याला मागे टाकायला जोर करतो, वस्ताद. मी आईला मागे टाकायला केला. वेशीपासून पुढच्या मैलाच्या दगडापर्यंत मी असा धावलो की उरलेले मैल त्यातच खर्ची पडले. अकोला चार मैलांवर असताना पोटऱ्या दगड झाल्या. अकोल्याचा गेला, त्याच्यामागून खामगावचा गेला. मी तिसरा आलो.

माझी उलंगवाडी तुम्ही सगळ्यांत शेवटी ठेवलीत. चैत्र संपत आला होता. आपण दोघंच अकोल्याहून निघालो. चार मैलांवर मी म्हटलं, इथे पाय गेले. तुम्ही मान हलवली. बोरगावच्या अलीकडच्या दगडापाशी तुम्ही थांबलात. "अन् इथं?" मी म्हटलं, इथेच दम तुटला होता. "इथं? तेरा-चौदा मैलात? तुहा? काहून?" मी म्हटलं, "अकोल्याचा मांगून आला होता जी. त्याले टाकाले जोर केला." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. त्या गड्याला पुलावरून तुम्ही स्वतः पाहिलं होतं, हे मी विसरलो नव्हतो. पण तोंडातून निघालं ते निघालं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "वेशीपासून या दगडालोक पुन्हा चालू. मंग सांग."

आपण वेशीपर्यंत गेलो, तिथून दगडापर्यंत परत आलो. मी तेच सांगितलं. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. एरवी ऊन चढायच्या आत आपण आमराईत जाऊन पडायचो. त्या दिवशी सूर्य डोक्यावर येत होता, रस्त्याचा फुफाटा चपलेतून भाजत होता, आणि तुम्ही पागोट्याचं टोक तोंडावर धरून माझ्याबरोबर चालत होतात. वडापाशी आलो की माझी मान खाली जायची. तिसऱ्या खेपेला तुम्ही म्हणालात, "हारला म्हनून नाई चालवून राहिलो तुले. हारनं सरलं. पर जे झालं ते नाई सांगितलं, तं पुढच्या वर्षी ते तुह्यासंग धावते." मी म्हणालो, "सांगितलं ना जी एकदा." तुम्ही मैलाच्या दगडावर बसलात. पागोट्याच्या टोकानं तोंड पुसलंत. मग म्हणालात, "बरं. चाल." तेव्हा माझ्या मनात काय होतं ते आज सांगतो. म्हातारा आहे, दमेल आणि सोडून देईल, असं मी धरून बसलो होतो. तुमच्या दमण्यावर मी भिस्त ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी तुम्ही अंथरुणावरून उठला नाहीत. काकी कांद्याचा रस तळपायांना चोळत होत्या, कैरीचं पन्हं चमच्यानं पाजत होत्या. डॉक्टर म्हणाले, ऊन बाधलं, आणि काळीजही आधीपासून थकलेलं होतं. तिसऱ्या दिवशी मी उशाशी असताना तुम्ही डोळे उघडून एवढंच म्हणालात, "तो मैल?" काकींना वाटलं, वातात बोलताहेत. मला कळलं होतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं, काकी माझ्या आईसारख्याच होत्या, तुमचा हात माझ्या हातात होता. मी म्हणालो, "पडा जी. बरं वाटलं का बोलू." चौथ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात. तुम्हाला मी मारलं असं डॉक्टर म्हणाले नाहीत, काकी म्हणाल्या नाहीत. उलट काकींनी तेराव्याला मला पोटच्या पोरासारखं जवळ बसवून जेवायला वाढलं. मी पान तसंच ठेवून उठायला लागलो आणि त्या मलाच समजावत होत्या. मी म्हणतो, मी मारलं. दुसऱ्या कुणी म्हणायची वाट पाहिली तर ते राहूनच जायचं.

त्यानंतर मी गावी गेलो. माय वाडीत मेथी उपटत होती. मला पाहून तिचं तोंड फुललं. म्हणाली, "तू मले पायलंच नाई बापू त्या दिशी. बरं केलं. धावताना इकडंतिकडं पाहू नये." आणि मी, तिच्या पोटचा, म्हणालो, "तू आलती माय?" ती हसली आणि पुन्हा मेथीला लागली.

तुमचं म्हणणं खरं ठरायला वर्षसुद्धा लागलं नाही. पुढच्या शर्यतीत मी पुन्हा पुढे होतो. बोरगावची वेस दिसली आणि पाय आपोआप सुटले. माय आली नव्हती, टांगा नव्हता, वडाखाली बसलेली दोनचार गुरं सोडली तर कुणी नव्हतं. तरी मी तो मैल मागे कुणी लागल्यासारखा धावलो आणि शेवटी पुन्हा मोडलो. तिसऱ्या वर्षी ठरवून सावकाश धावलो, तर त्या मैलात उलटीच झाली. मग शर्यत सोडली. लोकांना सांगितलं, गुडघा दुखतो. गुडघा आजही ठणठणीत आहे.

माय आता माझ्याजवळ अकोल्याला असते. डोळ्यांनी कमी दिसतं, जीभ मात्र अजून धारदार आहे, माझ्या बायकोला विचारा. गेल्या श्रावणात भाजी निवडता निवडता, काही विषय नसताना, ती म्हणाली, "तुहा वस्ताद लय भला मानूस होता." मी म्हटलं, तू कुठे पाहिलंस त्यांना? "त्या शर्यतीच्या दिशी. मांगून छकड्यात आला. मी वडाखाली बसून रडून राहिली होती. उतरला अन् मनला, काहून रडते बाई? मनलं, सगळ्यायच्या पुढं गेला तो माहा पोरगा, त्यानं पायलं नाई माह्याकडे. तं मनला, धावनाऱ्याले बाजूचं दिसतच नाई बाई, डोयापुढं अंधारी असते. मी पुलावर हात केला, तं माह्याकडंबी नाई पायलं तुह्या पोरानं. असं मनला. मंग ते संत्र मांगून घेतलं अन् माह्यापुढं बसून खाल्लं. सगळं." आणि ती पुन्हा भाजी निवडू लागली.

पुलावर मी तुमच्याकडे पाहिलं होतं. मान डोलावली होती. तुम्हाला ते पक्कं माहीत होतं. ज्या माणसानं मुन्शीपुढे पुराचं सोपं कारण सांगितलं नाही, तो माझ्या आईपुढे, रस्त्यात उभ्या उभ्या खोटं बोलला. म्हणजे महिन्यानं त्या उन्हात माझ्याबरोबर तीन खेपा चालताना तुम्हाला सगळं ठाऊक होतं. विचारून घेण्यासारखं तुमच्यासाठी काहीच उरलं नव्हतं. ते फक्त माझ्या तोंडून बाहेर पडायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी तुम्ही उन्हात चाललात. श्रावणापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. शाळेत पोरांची कवायत घेताना आकडे चुकतात.

आणि काल काय झालं ते ऐका. चौघांतला एक त्याच दगडापाशी थांबला. शर्यतीत तो तिथेच मागे पडला होता. म्हणाला, "मास्तर, मी इथं रडलो होतो. घरी बाप आजारी होता, त्याची याद आली. कोनाले सांगितलं नाई." इतकं स्वच्छ सांगितलं त्यानं की तुम्ही असतात तर तुमचा ऊर भरून आला असता. मग त्यानं मला विचारलं, "तुमी बी इथंच हारले होते मनतात जी. काहून?" मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "अकोल्याचा मांगून आला होता." बावीस वर्षं झाली, एक शब्द बदललेला नाही. त्यानं मान हलवली. त्याला ते खरं वाटलं. मला "पुन्हा चाल" म्हणणारं तिथे कुणी नव्हतं, आणि ज्याच्यावर विश्वास टाकून त्यानं आपलं दुखणं उघडं केलं त्या मास्तरानं त्याला चार पैशांचंही खरं परत दिलं नाही. परत येताना मी सगळ्यांच्या मागे चाललो.

आत माय लसूण सोलते आहे. तिला सांगायचं, असं मी श्रावणापासून रोज ठरवतो. मग मला तुमचं बोलणं आठवतं, धावणाऱ्याला बाजूचं दिसत नाही. वस्तादांनी तिच्या जिवाला जो दिलासा दिला तो आपण कसा काढून घ्यायचा, असं मी स्वतःला बजावतो आणि गुरूची आज्ञा पाळल्यासारखा गप्प बसतो. आज एवढं लिहिल्यावर ते पटवून घेणंही जमेना. तुम्ही खोटं बोललात ते तिच्यासाठी. मी ते माझ्यासाठी वापरतो आहे. हे पत्र मी कुठे धाडणार, ते फाडीन किंवा ट्रंकेत टाकीन. खरं तर ते तिला लिहायला हवं होतं. पण तिला अक्षर येत नाही. तिला सांगायचं तर समोर बसून, तिच्याकडे पाहून सांगावं लागेल. ते होत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.